त्या थंडीत मांजर फार झोपायचं

बाथरूमच्या खिडकीला प्लॅस्टिक मी लावलं. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत थांबले तर कदाचित सांगणार नाही. आमच्या घरी सगळे म्हणतात, झालं ते झालं. पण प्लॅस्टिक मीच लावलं, आणि मांजरासाठी लावलं.

आम्ही मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा यार्डातल्या एका मसाल्याच्या गाळ्यावर नोकरीला होते, आता निवृत्त झालेत. आई सकाळच्या शाळेत शिकवते. माझी नोकरी संगणकावरची, आठवड्यातले बहुतेक दिवस घरूनच. आणि एक मांजर. चार वर्षांपूर्वी बाबांनी ते मिरच्यांच्या पोत्यांमधून उचलून पिशवीतून घरी आणलं, तेव्हा ते मुठीएवढं होतं आणि सारखं शिंकत होतं. "यार्डात राहिलं असतं तर शिंकून मेलं असतं, म्हणून आणलं. लाड करू नका," असं बाबांनी त्या दिवशी बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच त्याला बशीत दूध देत होते.

मी फार बोलत नाही. लहानपणापासून असंच आहे. शाळेत इंग्रजी बोलायचं, घरी मराठी, आणि दोन्हीकडे आपण काहीतरी चुकीचं बोलू असं वाटायचं. त्यामुळे गप्प बसायची सवय लागली. अजूनही बाहेर पडण्याआधी मी दाराच्या भिंगातून बघते. समोरच्या काकू जिन्यात दिसल्या तर त्या आत जाईपर्यंत दाराआड थांबते. लोकांना वाटतं मी शिष्ट आहे. मला फक्त "काय गं, कुठे निघालीस?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं.

पण न बोलणाऱ्याला बघायला भरपूर वेळ मिळतो, आणि मी सगळ्यात जास्त आमच्या मांजराकडे बघत आले आहे. दिवाळी संपली की त्याचा दिनक्रम बदलतो. उन्हाळ्यात ते फरशीवर पाय पसरून, पोट वर करून पडतं. थंडीत त्याचं वेटोळं होतं, शेपटी नाकावर येते आणि चारही पाय कुठे गेले ते कळत नाही. सकाळी ऊन बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात येतं तेव्हा ते तिथे असतं. मग उन्हाबरोबर हळूहळू उजवीकडे सरकतं, झोपेतच. दुपारी टीव्हीच्या डब्यावर. संध्याकाळी माझ्या लॅपटॉपच्या चार्जरवर हनुवटी टेकून. आई पोळ्यांचा डबा फडक्यात गुंडाळून ठेवते, त्याच्यावर बसल्याबद्दल त्याने दर हिवाळ्यात मार खाल्ला आहे. खातंही जास्त. अंगावरचे केस दाट होतात आणि ते एकदम पोक्त दिसायला लागतं.

या वर्षी पुण्यात थंडी जोरात होती. बाबा रोज सकाळी पेपरातून पारा मोठ्याने वाचायचे, जणू तो त्यांनीच खाली आणला होता. मांजराने या वर्षी एक नवीन जागा शोधली: बाथरूममधलं वॉशिंग मशीन.

आमच्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे. होता. घर घेतलं तेव्हा आधीच्या लोकांनी तो तिथेच ठेवला होता. मशीनच्या बरोबर वर, भिंतीवर. बाबा साडेनऊला आंघोळीला जातात. आई आणि मी सकाळी लवकर पाच-पाच मिनिटांत उरकतो, त्यावर बाबांचं म्हणणं असं की आम्ही आंघोळ करत नाही, कोंबडी भिजवतो. ते स्वतः चांगला अर्धा तास लावतात. नळ सोडलेला, बादली भरून वाहते आहे, आतून स्तोत्र चालू. थंडी सुरू झाल्यापासून मांजर त्यांच्या मागोमाग आत जाऊ लागलं. पाण्याच्या थेंबालासुद्धा घाबरणारं मांजर, पण मशीनवर माझ्या जुन्या स्वेटरवर बसून बाबांची आंघोळ संपेपर्यंत डोळे मिटून ऐकायचं. बाबा बाहेर आले की म्हणायचे, "महाराणी आत आहेत. दार ओढून घ्या, ऊब जाते." आम्ही दार ओढून घ्यायचो. फट ठेवली की ते पंज्याने ढकलून बाहेर येऊ शकायचं, पण येत नसे. अकरा-साडेअकरापर्यंत तिथेच.

बाथरूमची खिडकी जुन्या पद्धतीची, आडव्या काचेच्या पट्ट्यांची. दोन पट्ट्या कधीच्या फुटलेल्या. तिथून सकाळचा वारा थेट मशीनवर यायचा. डिसेंबरच्या मध्यात एका सकाळी मी पाहिलं, मांजर स्वेटरमध्ये तोंड खुपसून थरथरत होतं. मला ते बघवलं नाही. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंबरोबर येतं ते फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक मी जपून ठेवते. ते दुहेरी करून मी सगळ्या खिडकीला लावलं, चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी, मग वरून पुन्हा एकदा. एक फट ठेवली नाही.

बाबांनी चष्मा वर करून पाहणी केली. "वा. घरात पहिल्यांदाच एखादं काम तडीला नेलंस. आता बाथरूमात राहायला हरकत नाही." आमच्या घरात ही मोठी शाबासकी. मी दिवसभर खूश होते.

त्यानंतर मांजर थरथरलं नाही. झोपायला मात्र लागलं. आधीही झोपायचं, पण हे वेगळं होतं. अकराच्या सुमाराला मी त्याला उचलून आणायची तेव्हा ते हातात लोंबायचं, ओल्या टॉवेलसारखं. खाली ठेवलं की दोन पावलं तिरकं चालायचं आणि बसायचं. सकाळचं खाणं तसंच पडून राहायचं. दुपारी हळूहळू जागं व्हायचं आणि संध्याकाळी अगदी पूर्वीसारखं, पडद्यावर चढणारं, माझ्या पायाला टपली मारणारं.

मी फोनवर शोधलं. थंडीत मांजरं जास्त झोपतात, दिवस लहान असतो म्हणून त्यांची हालचाल कमी होते, शरीरातली ऊब राखायला ती निपचित पडून राहतात, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. ते वाचून मला बरं वाटलं. आणि सकाळी थंडी जास्त, संध्याकाळी घर तापलेलं, म्हणजे सकाळी सुस्त आणि संध्याकाळी ताजंतवानं हेही बरोबर बसलं. सगळं इतकं बरोबर बसत होतं की अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो. मी इतकं बघितलं. वेळासुद्धा माझ्या लक्षात होत्या. आणि जे दिसत होतं त्याचं उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं.

त्याच दिवसांत बाबांचं डोकं दुखायला लागलं. दहा वाजता आंघोळीहून आले की ते कानटोपी घालून खुर्चीत बसायचे, कपाळाला बाम.

"थंडी डोक्यात गेली," ते म्हणायचे.

"अहो, मग आंघोळ कमी वेळ करा ना," आई म्हणायची.

"आंघोळीने बरं वाटतं. बाहेर आलं की दुखतं. म्हणजे थंडीच नाही का?"

तेही बरोबर बसत होतं.

मग भोगीचा दिवस आला, संक्रांतीचा आदला. आईने शाळेतून रजा घेतली होती. भोगीला आमच्याकडे बायका डोक्यावरून न्हातात, अंगाला तीळ लावून. एरवी केस धुवायला तिला रविवारसुद्धा पुरत नाही, पण भोगीचं न्हाणं ती चुकवत नाही. आधी स्वयंपाक, मग न्हाणं, मग जेवण, हा तिचा क्रम. सकाळपासून ओट्यावर भोगीची भाजी रटरटत होती, परातीत बाजरीचं पीठ, आणि लोखंडी बत्ता खलबत्त्यात उभा, तिळाच्या कुटाने माखलेला. बाबा आंघोळ करून, डोकं धरून, दुसऱ्या दिवसासाठी सुगडं आणि ऊस आणायला यार्डाकडे गेले होते. फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला, नेहमीप्रमाणे विसरलेला.

अकरा वाजता मी मांजराला उठवायला गेले आणि ते उठलं नाही.

हाक मारली, हलवलं. स्वेटरसकट उचललं तर मान मागे पडली. तोंड किंचित उघडं. श्वास चालू होता, भराभर आणि वरवर. मी ते बाहेर आणून फरशीवर ठेवलं. त्याने उठायचा प्रयत्न केला, मागचे पाय घसरले आणि ते कुशीवर पडलं. स्वतःच्याच अंगावर ओकलं.

"आई," मी म्हटलं.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "काहीतरी खाल्लंय याने. जा घेऊन, लगेच जा. रिक्षाने जा." मग मी त्याला पेटीत ठेवत होते तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तू येईपर्यंत मी न्हाऊन घेते. मग जेवू सगळे. होईल बरं ते."

मी "हो" म्हटलं. मी हो म्हटलं आणि दार ओढलं.

प्राण्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना स्वारगेटच्या अलीकडे आहे. सणाच्या आदल्या दिवशीची गर्दी होती, रिक्षा गाजरं-बोरांच्या हातगाड्यांमधून कशीबशी चालली होती. पेटीच्या जाळीतून बोट घालून मी मांजराच्या कानाला हात लावून बसले होते. दारातून बाहेर आल्यापासून त्याचा एक कान हलायला लागला होता. मला वाटलं, उन्हात आलं म्हणून.

डॉक्टर तरुण होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मांजराचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि बघतच राहिल्या.

"उंदराचं औषध ठेवलंय का कुठे?"

मी मान हलवली.

"फिनेल वगैरे? इमारतीबाहेर जातं का?"

"नाही."

"कधीपासून असं?"

"तीन-चार आठवडे. पण सकाळीच. थंडीमुळे झोपतं ना जास्त. संध्याकाळी ठीक असतं."

त्यांनी हात थांबवला. "रोज सकाळीच? आणि संध्याकाळी ठीक?" मग विचारलं, "घरात अजून कोणाला काही त्रास? डोकेदुखी, मळमळ?"

मी म्हटलं, "नाही."

हे मी का म्हटलं? खोटं बोलायचं नव्हतं. आमच्या घरातलं बाहेर सांगायचं नसतं, एवढंच. बाबांची डोकेदुखी ही बाबांची गोष्ट. मांजराच्या डॉक्टरांना ती कशाला सांगायची? कोणी घरातलं काही विचारलं की माझ्या तोंडून आधी "नाही" निघतं, मग मी विचार करते. डॉक्टरांनी मान डोलावली आणि त्या दुसरं काहीतरी तपासायला वळल्या. मी पाहत होते. आणखी एक मिनिट मी गप्प राहिले असते तर ते तिथेच संपलं असतं.

मांजराने टेबलावर पाय ताणला आणि तो थरथरला.

"बाबांचं डोकं दुखतं," मी म्हटलं. "सकाळचं. आंघोळीनंतर. पण ते थंडीमुळे."

त्या वळल्या. "मांजर सकाळी झोपतं कुठे?"

"बाथरूममध्ये. मशीनवर."

"या थंडीत बाथरूममध्ये?"

"ऊब असते. वर गिझर आहे."

"विजेचा?"

"गॅसचा."

"खिडकी आहे ना बाथरूमला?"

त्या वेळी माझ्या डोक्यात खाकी चिकटपट्टीचा आवाज झाला, ती रिळावरून ओढताना होतो तसा. चारी बाजूंनी. मग वरून पुन्हा एकदा.

"ताई," डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाल्या, "त्या बाथरूममध्ये आत्ता कोणी नाही ना?"

आईचा फोन वाजत राहिला. स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यावर ठेवलेला असणार, तिथेच असतो. बाबांचाही वाजत राहिला, टेबलावर. मी पुन्हा आईला लावला. डॉक्टर मांजराच्या तोंडावर ऑक्सिजनची नळी धरत होत्या आणि मला म्हणत होत्या, "शेजारी कोणी आहे का? कोणाकडे किल्ली आहे?"

किल्ली होती. समोरच्या काकूंकडे. आमची जादाची किल्ली वर्षानुवर्षं त्यांच्या देवघराच्या खुंटीला आहे. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी कशाला साठवला असता? मी सोसायटीचा ग्रुप उघडला, ज्यात मी आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि बोटाने वर सरकवत गेले. संक्रांतीच्या शुभेच्छा, पाण्याच्या टाकीची सूचना, आणि मग काकूंचा निरोप: "तिसऱ्या मजल्यावरचं मांजर आज पुन्हा माझ्या जिन्यातल्या कुंडीत बसलं होतं. त्याला वाचता येत नाही, पण मालकांना येत असावं." त्याच्यावर नंबर होता.

"कोण?" काकू म्हणाल्या.

"काकू, मी समोरची."

"समोरची कोण? समोर काय दुकान आहे?"

"काकू, आई बाथरूममध्ये आहे. गिझरचा गॅस आहे. किल्लीने दार उघडा. बाथरूमचं दार फोडा. आत्ता!"

मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. बाकावर बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले, एक कुत्रं भुंकलं. काकूंनी एकही प्रश्न विचारला नाही. "थांब," म्हणाल्या, आणि फोन बहुतेक गाऊनच्या खिशात टाकला, कारण त्यानंतर सगळं कापडातून ऐकू आलं.

चपला. किल्ल्यांचा जुडगा. आमच्या दाराचा तो आवाज, जो मी झोपेतही ओळखेन. मग काकूंचा आवाज, लांबून, "अहो! अहो, ऐकताय का? कडी काढा!" दारावर थापा. थापांच्या मागे पाण्याचा आवाज. नळ वाहत होता, बादली भरून वाहत होती, बाबांची वाहते तशी. त्या आवाजात दुसरं काही नव्हतं.

"उत्तर देत नाहीत गं," काकू खिशाकडे तोंड करून म्हणाल्या.

डॉक्टर माझ्या कानाजवळ बोलत होत्या आणि मी ते जसंच्या तसं ओरडत होते. "फोडा! फोडलं की आत थांबू नका! गॅस बंद करा! आईला बाहेर ओढा, बाल्कनीत न्या! घराच्या सगळ्या खिडक्या उघडा!"

"कशाने फोडू? हां. बत्ता आहे इथे."

मग लोखंडाचा आवाज. एक, मग लगेच दुसरा. आमचं बाथरूमचं दार हलकं आहे, कडी बारीक. तरी ते फुटेना. काकू साठीच्या पुढच्या आहेत. त्या प्रत्येक घावाबरोबर हुंकार देत होत्या. मग काहीतरी तुटलं आणि त्या म्हणाल्या, "अगं बाई."

एवढंच. "अगं बाई." आणि त्यानंतर फक्त पाणी.

समोर टेबलावर मांजर होतं, डोळे उघडे, माझ्याकडे बघत. नळ बंद झाला. ओढल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, काकू कोणाला तरी जिन्यातून हाका मारत होत्या. मग बराच वेळ काहीच कळलं नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. नंतर फोनच्या नोंदीत बघितलं तर सगळा फोन मिळून आठ मिनिटांचा होता. माझा विश्वास बसला नाही.

मग कोणीतरी खोकलं. तो आईचा खोकला आहे हे मला ओळखू आलं नाही.

"खोकल्या," काकू म्हणाल्या. "खोकल्या बघ. ऐकलंस का? अगं, आहेस का फोनवर? शुद्धीवर येतायत. रडू नको. रडू नको म्हटलं ना, मला ऐकू येत नाही काही."

मांजर डॉक्टरांकडेच ठेवून मी हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा आईच्या तोंडावर मास्क होता आणि केस ओलेच होते. कोणीतरी तिला काकूंचा स्वेटर घातला होता. कानाच्या मागे दोन-तीन तीळ चिकटलेले होते. बाबा बाहेर बाकावर उसाची मोळी मांडीवर घेऊन बसले होते. ते यार्डातून परत आले तेव्हा इमारतीखाली रुग्णवाहिका उभी होती, तसेच आत चढून आले, ऊस हातातच. मला बघून त्यांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. माझे बाबा प्रत्येक गोष्टीवर एक वाक्य टाकतात. त्या दिवशी त्यांना वाक्य सापडलं नाही, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की बंद जागेत गिझरचा गॅस जळला की तयार होणारा हा वायू, कार्बन मोनॉक्साइड, डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, माणसाला फक्त झोप येते. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं म्हणून ते थांबले. बाबांचंही रक्त तपासलं. त्यांनाही दोन तास मास्क लावून बसवलं. कानटोपी काढायला लावली.

संध्याकाळी आईचे कपडे आणायला मी एकटी घरी आले. बाथरूमचं दार तिरकं लटकत होतं, बत्ता उंबऱ्यात पडला होता. मी स्टूलवर चढून प्लॅस्टिक काढायला घेतलं. निघेना. नखं घातली, सुरी घातली. मी काम नीट केलं होतं. शेवटी पट्टीबरोबर खिडकीचा रंगही उखडून आला आणि गार वारा तोंडावर आला.

मग मी गिझरकडे बघितलं. आई आंघोळीआधी कपाळाची टिकली काढून समोर दिसेल तिथे चिकटवते. आमच्याकडे आरशावर टिकल्या आहेत, फरशीवर आहेत, आणि गिझरच्या पुढच्या पत्र्यावर तर एक अख्खी वसाहत आहे. मरून शाळेच्या, काळ्या घरच्या, एक चमकीची कोणाच्या तरी लग्नातली. त्या टिकल्यांच्या खाली काहीतरी छापलेलं होतं. मी एकेक टिकली नखाने काढली. मराठी मी सावकाश वाचते. तिथे लाल अक्षरांत लिहिलं होतं की वापरताना खिडकी उघडी ठेवावी आणि हवा खेळती राहील याची काळजी घ्यावी. आम्ही तिघं रोज त्याच्यासमोर उभे राहत होतो.

मांजर दुसऱ्या दिवशी घरी आलं. संक्रांत होती. काकूंनी आमच्या ओट्यावरची भोगीची भाजी गरम करून, भाकऱ्या भाजून हॉस्पिटलात आणल्या होत्या. "शिळी भोगी," त्या आईला म्हणाल्या, "पण सोडायची कशाला?" जाताना दारात थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मांजराला सांग, कुंडीत बसलं तरी चालेल. डावीकडच्या. उजवीकडे शेवंती आहे."

मी आईला त्या दुपारी सांगितलं. बाबा चहाला गेले होते. मी म्हटलं, खिडकी मी बंद केली होती. मांजराला वारा लागतो म्हणून. हे वाक्य मी रात्रभर मनात लिहिलं होतं, तरी बोलताना ते मध्येच तुटलं.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. तिचा घसा बसला होता. "तू पट्टी लावत होतीस तेव्हा स्टूल कोणी धरलं होतं?"

मी ते विसरले होते. स्टूलचा एक पाय आखूड आहे. तिने दोन्ही हातांनी धरलं होतं आणि म्हणाली होती, वरच्या कोपऱ्यात अजून एक लाव.

आता बाथरूममध्ये विजेचा गिझर आहे आणि खिडकीला नवीन पट्ट्या. बाथरूम गार असतं, बाबा दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात आणि त्यांचं डोकं दुखत नाही. मांजर अजून रोज साडेनऊला दारापाशी जातं, आत डोकावतं, ऊब नाही असं बघून परत फिरतं आणि बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात उन्हात जाऊन बसतं. तिथे ते अगदी साधं झोपतं, थंडीत मांजरं झोपतात तसं. मला मात्र ते बघवत नाही. मी लॅपटॉप बाजूला ठेवून जाते आणि त्याला बोट लावते. ते एक डोळा उघडतं, वैतागतं, पुन्हा शेपटी नाकावर घेतं. अर्ध्या तासाने मी पुन्हा जाते.

आई शाळेतून आली की दुपारी पडते. मी तिच्या खोलीच्या दारात उभी राहते आणि पांघरूण वरखाली होतंय का ते बघते. आवाज करत नाही. पण तिला कळतं. ती डोळे न उघडता हात वर करते, वर्गात हजेरी देणाऱ्या मुलीसारखा.

"आहे," ती म्हणते. "जा, काम कर."